बारा बाय आठचा पिंपळ

धम्मरत्न इंगोले यांनी फ्लेक्सला विरोध केला, एवढं सभेच्या इतिवृत्तात आहे. पुढचं वाक्य, म्हणजे ‘पडदा मी स्वतः करून देतो’, हेही आहे. ते वाक्य त्यांनी रागात उच्चारलं होतं, हे मात्र नाही. इतिवृत्तात रागाचा रकाना नसतो.

सभा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी झाली. जऊळक्यापासून दोन कोसांवरचं ते गाव. चाळीस वर्षं पत्र्याखाली असलेला तिथला विहार वर्गणीतून स्लॅबचा झाला होता. वैशाख पौर्णिमेला सकाळी दहाला उद्घाटन, भन्तेजी येणार, आसपासच्या गावांतले लोक येणार. प्रश्न एकच उरला होता: बुद्धमूर्तीच्या मागची बारा फूट बाय आठ फूट भिंत.

“फ्लेक्स लावू,” समितीचे अध्यक्ष उकंडराव म्हणाले. ते धम्मरत्न यांचे चुलतकाका. “मालेगावचा पोरगा चोवीस तासात देते. मधात पिंपळ, बाजूनं आपले सगळे शुभेच्छुक.”

धम्मरत्न एसटीत बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. उभं राहून, शब्द तोडून, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं बोलायची त्यांना सवय होती. ते उभे राहिले.

“काका, पत्र्याच्या विहारातल्या फ्लेक्सवर एकतीस शुभेच्छुक होते. बुद्धाच्या खांद्यापाशी तुमच्या साळ्याचा गॉगल घातलेला फोटो. माही माय मरेलोक तिथं डोकं टेकवे. ती कोणाच्या पाया पडून राह्यली होती, हे तिले तरी समजत होतं काय?”

“साळ्यानं पंधरा खुर्च्या देल्ल्या होत्या,” उकंडराव शांतपणे म्हणाले.

“मंग खुर्च्यावर लावा त्याचा फोटो.”

“आन भिंत काय उघडी ठेवाची?”

इथे ते वाक्य आलं. आपल्या मातीच्या रंगांनी रंगवलेला पडदा करायचा, आपल्याच शिवारातली माती, आपलंच कापड, एकही शुभेच्छुक नाही. आणि तो पडदा मी स्वतः करून देतो. लोक गप्प झाले. आदर म्हणून नव्हे. मातीनं भरलेलं कापड भिंतीवर का लावायचं, याचा जो तो विचार करत होता. उकंडरावांनी मात्र तेवढ्यात मुदत घातली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत पडदा लागला तर ठीक, नाही तर फ्लेक्स.

धम्मरत्न यांच्या ज्ञानाचा उगम असा की त्यांची मुलगी धम्मदीपा नागपूरला कापडावरच्या कलाकामाचा अभ्यासक्रम शिकते. दिवाळीत तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता आणि त्यांनी तो एक डोळा बातम्यांवर ठेवून पाहिला होता. आता त्यांनी फोन लावला. ती म्हणाली, “बाबा, माती पाण्यात कालवायची, खडे तळाशी बसू द्यायचे, वरची गाळून वाळवायची. सोयाबीनचं दूध काढायचं, त्यात ती खलायची. आधी कापडालाही तेच दूध पाजायचं. रंगवून झालं की तीन आठवडे नुसतं टांगून ठेवायचं. पाणी लावायचं नाही. घाई करू नका.”

“बत्तीस वर्षांत मी एकही गाडी वेळेआधी सोडली नाही,” धम्मरत्न म्हणाले आणि सगळं वहीत उतरवून घेतलं.

माती कुठली कुठे मिळते, हे शेजारच्या पंचफुलाबाईंना माहीत होतं. त्यांच्या घराची मागची भिंत अजून मातीची आहे आणि ती त्या दर सणाला स्वतः पोतारतात. “दुकानातला गेरू घेऊ नका भाऊ. तो विटाचा भुगा असते. किन्हीराजाकडं जातानी नाल्याची दरड हाये, तिथं तांबडी आन पिवळी एकावर एक हाये. पांढरी जुन्या गावठाणामागं. काळी तं तुमच्या वावरात हायेच.” मग त्यांनी हात पुसत विचारलं, “पण भिंत कुठी हाये तुमच्या घरी पोताराले?”

कापड पोतारायचं आहे असं ऐकल्यावर त्यांनी काही मत दिलं नाही. नुसतं “बरं” म्हणाल्या. असं “बरं” ऐकण्यापेक्षा चार शब्द ऐकून घेतलेले परवडतात.

दुसऱ्या दिवशी धम्मरत्न स्कूटर घेऊन दरडीवर गेले, दोन पिशव्या भरल्या, एक तांबडी, एक पिवळी, आणि परतीच्या रस्त्यावर त्यांना तलाठी भेटले.

“काय हाये पिशवीत?”

“माती.”

“गौण खनिज हाये ते इंगोलेसाहेब. विनापरवाना उत्खनन आन विनापरवाना वाहतूक.”

“दोन पिशव्या, साहेब. चित्र काढाचं हाये विहारासाठी.”

“मी कुठी नाही म्हणून राह्यलो. परवाना काढा, मंग चित्र काढा.”

तेवढ्यात मागून रेतीचे दोन टिप्पर धुरळा उडवत गेले. तलाठ्यांनी डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून रुमाल धरला आणि टिप्पर पार दिसेनासे होईपर्यंत तो काढला नाही. मग पिशव्या रस्त्याच्या कडेला ओतायला लावल्या. बत्तीस वर्षं ज्या माणसानं शिटी मारून गाड्या थांबवल्या, त्याला भर रस्त्यात थांबवून पिशव्या उलट्या करायला लावल्या, आणि तेही जऊळक्याच्या बाजाराच्या दिवशी. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी अकरा जण ओळखीचे निघाले. ते धम्मरत्न यांनी मोजले होते.

परवान्याचा अर्ज ऑनलाइन होता. सेतू केंद्रातल्या मुलीनं विचारलं, “प्रयोजन?” यादीत बांधकाम, रस्ता, भराव आणि वीटभट्टी होती. चित्रकला नव्हती. ‘इतर’ नव्हतं. ‘भराव’ निवडावं लागलं.

“परिमाण?”

“दोन किलो.”

“किलो नाही घेत ते. ब्रासमधी सांगा. कमीत कमी एक.”

“एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट माती होते, बाई. मले पिंपळ काढाचा हाये, धरण नाही बांधाचं.”

“वाहन?”

स्कूटरचा क्रमांक टाकल्यावर संगणकाचा पडदा लाल झाला. ट्रक, टिप्पर किंवा ट्रॅक्टर. शेवटी गल्लीतल्या गोविंदसिंगच्या ट्रॅक्टरचा क्रमांक टाकला. मार्चअखेरची वसुली चालू असल्यानं परवाना यायला चोवीस दिवस लागले आणि वाहतुकीसाठी मुदत मिळाली एका दिवसाची.

त्या दिवशी धम्मरत्न यांनी गोविंदसिंगला दरड दाखवली, “दोन पिशव्या बस” असं बजावलं आणि पांढऱ्या मातीसाठी गावठाणाकडे गेले. ती चूक झाली. गोविंदसिंग सरळ माणूस. कागदावर एक ब्रास आहे आणि आपण दोन पिशव्या नेल्या, तर उरलेली माती कुठे गेली असं उद्या कोणी विचारलं तर? त्यानं तिथल्याच जेसीबीवाल्याला सांगितलं, त्यानं तांबडी, पिवळी आणि मधला मुरूम एकाच बकेटनं उचलला आणि दुपारी बारा वाजता तो सगळा डोंगर धम्मरत्न यांच्या दारात, फाटकाला टेकून, उभा राहिला.

“हे काय आणलं?” पांढरी माती घेऊन आधीच परतलेल्या धम्मरत्न यांनी फाटकाच्या आतून विचारलं. बाहेर येता येत नव्हतं, कारण फाटक बाहेरच्या बाजूला उघडत होतं.

“कमी आणली असती तं मीच चोर ठरलो असतो दादा,” गोविंदसिंग म्हणाला.

पुढचे चार दिवस निवृत्त वाहतूक नियंत्रक धम्मरत्न इंगोले दारातल्या ढिगावर पाट टाकून, मांडीवर ताट घेऊन, तांदूळ निवडावेत तशी माती निवडत बसले होते. तांबडी ढेकळं एका बादलीत, पिवळी दुसऱ्या बादलीत. जाणारा प्रत्येक माणूस थांबला. “वरचा मजला काढून राह्यले काय?” असं एकोणीस जणांनी विचारलं. विसावे ग्रामसेवक होते, त्यांनी बांधकामाची परवानगी मागितली. आणि दोन दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक घरानं अंगणात, गोठ्यात, न्हाणीसमोर टाकायला त्याच ढिगातून घमेली नेली, धम्मरत्न यांच्या डोळ्यांदेखत, कोणी “नेऊ काय?” असंही न म्हणता. त्यातल्या एकालाही प्रयोजन विचारलं गेलं नाही. त्यांनी हे तलाठ्यांना फोन करून कळवलं. तलाठी म्हणाले, परवाना तुमच्या नावानं आहे, तेव्हा जबाबदारीही तुमचीच.

मग दूध. या जिल्ह्यात सोयाबीन नाही असं घर शोधून सापडायचं नाही, पण ते पोत्यात भरायचं, बाजारात न्यायचं आणि भाव ऐकून घरी येईपर्यंत बोलत राहायचं, यापलीकडे त्याचं काही होतं हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्याचं दूध निघतं हे ऐकून पंचफुलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. “जन्म गेला भाऊ, पण सोयाबीनले पान्हा फुटल्याचं नाही आयकलं.” भिजलेलं सोयाबीन मिक्सरमध्ये गेलं, दूध निघालं, आणि त्याच मिक्सरमध्ये, वेळ वाचावा म्हणून, गेरूची, म्हणजे त्या तांबड्या मातीची, ढेकळंही गेली. मिक्सर सपनाताईंचा होता, माहेरहून आलेला. पत्नीच्या वस्तूला तिला न विचारता हात लावायला माणूस एक तर फार शूर असावा लागतो किंवा त्याचं लक्ष दुसरीकडे असावं लागतं. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या चटणीत दाताखाली कचकच लागली.

“माह्या मिक्सरात माती काहून वाटली?” सपनाताईंनी विचारलं. आवाज चढवला नाही.

“खलबत्त्यात वेळ लागते.”

“मंग आता भाजीचा मसाला तुमी खलबत्त्यात वाटत जा. तुमाले वेळच वेळ हाये.”

तो नियम आजही चालू आहे.

मांजरपाट उकळून, दूध पाजून, गच्चीवर ताणलं गेलं आणि धम्मरत्न यांनी पिंपळ काढायला घेतला. त्यांनी आधी फूटपट्टीनं खोड आखलं. दोन्हीकडे सात-सात फांद्या, समान अंतरावर. प्रत्येक फांदीवर पानं ठरलेली. पंचफुलाबाई गच्चीवर आल्या, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “झाड हाये का खांब हाये लायटीचा?” मग त्यांनी सुतळीचा कुंचला मागून घेतला आणि दोन फांद्या मोडल्यासारख्या वाकवल्या. त्या दोनच फांद्या झाडाच्या वाटत होत्या, हे धम्मरत्न यांना दिसलं, पण त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही.

पानं काळ्या मातीची करायची, हा त्यांचा हट्ट होता. स्वतःच्या वावरातली माती. पंचफुलाबाई म्हणाल्या, “काळी अशी धरत नाही भाऊ. भिंतीवर बी नाही धरत. खाली गेरूचा हात द्या पयले.” म्हणून पाचशे सोळा पानं आधी गेरूनं आणि मग काळ्या मातीनं, अशी दोनदा रंगवली गेली. मधली जयंतीची धामधूम धरून अठरा एप्रिलला काम संपलं. धम्मरत्न दोन पावलं मागं सरकून उभे राहिले. त्यांना छान वाटलं. चार दिवसांनी उन्हात काळ्या मातीला जे वावरात होतं तेच कापडावर झालं. प्रत्येक पानाला भेग पडली.

आणि वास. एप्रिलच्या उन्हात सोयाबीनच्या आंबलेल्या दुधाचा वास कसा येतो, हे सांगून समजत नाही. गल्लीत पहिल्यांदा गटार तपासलं गेलं. मग गोविंदसिंगच्या गोठ्यात काही मेलंबिलं आहे का ते पाहिलं गेलं. मग सगळे इंगोल्यांच्या गच्चीकडे पाहू लागले. उकंडराव रोज संध्याकाळी नाकाला उपरणं लावून जिना चढत.

“अजून किती दिस?”

“तीन आठवडे म्हटलं ना काका.”

“फ्लेक्सले वास नसते,” उकंडराव म्हणत आणि उतरून जात.

आठ मेला, म्हणजे पौर्णिमेला चार दिवस असताना, केनवडहून विमलआत्या आल्या. धम्मरत्न यांची लहानपणीच शाळा सुटली असती, ती या आत्यानं सुटू दिली नाही. निंदणाला जाऊन त्यांची पुस्तकं आणली. वय शहात्तर. विहारात जायचं म्हणजे पांढरं, धुतलेलं आणि घडी घातलेलं, हा त्यांचा नियम. डाग असलेलं लुगडं नेसून त्या आयुष्यात कधी वंदनेला बसल्या नाहीत, आणि दुसरं कोणी बसलेलं चालवूनही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गच्चीवर गेल्या आणि विहाराचा पडदा पाहिला. मातीनं माखलेला, कुबट वास मारणारा, भेगाळलेला.

त्यांनी कोणाला हाक मारली नाही. पुण्याच्या कामाला माणसं कशाला बोलवायची?

धम्मरत्न त्या वेळी गोविंदसिंगबरोबर तालुक्याला निघाले होते. वाहतुकीचा वापरलेला पास जमा केल्याशिवाय परवाना बंद होत नव्हता. सपनाताई अंगणवाडीत होत्या. दुपारी बाराला धम्मरत्न परतले तेव्हा टाक्याजवळच्या दगडावर साबणाचा लाल गाळ साचला होता, धोपाटणं भिंतीला टेकवलं होतं आणि पडदा दोरीवर टपटपत होता. शेजारी नीळ कालवलेली बादली.

“किती घाण झालता रे बापा,” आत्या दंड चोळत म्हणाल्या. “दोन तास धोपटला. काही डाग गेले, काही जातच नाही. कोणी लोळवला मातीत?”

“म्या,” धम्मरत्न म्हणाले.

“तू?”

“होय.”

“विहाराचा पडदा हाये ना तो?”

“होय.”

आत्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू निवृत्तीनंतर माणसाचं असं होतं हे त्यांनी ऐकलं होतं, पण आपल्या घरात होईल असं वाटलं नव्हतं. मग त्या जेवायला वाढून घ्यायला आत गेल्या. धम्मरत्न जिन्याच्या पायरीवर बसले. ज्या बाईनं निंदण करून पुस्तकं आणली, तिच्यावर ओरडायचं कसं? तलाठ्यावर ओरडता येतं, गोविंदसिंगवर येतं. हा संताप उतरवायला जागाच नव्हती. ते उठले, दोरीकडे न पाहता फाटकाबाहेर पडले आणि थेट उकंडरावांच्या घरी गेले.

“काका, फ्लेक्स सांगा.”

उकंडरावांनी विजयी चेहरा केला नाही. त्यांनी फक्त खिशातून मोबाइल काढला. क्रमांक आधीच लावून ठेवल्यासारखा लागला.

घरी आले तेव्हा पडदा वाळला होता. सपनाताई आणि पंचफुलाबाई त्याच्यासमोर उभ्या होत्या.

“पाहा तरी,” सपनाताई म्हणाल्या.

“काय पाहाचं त्याच्यात.”

“पाहा म्हणतो ना.”

काळी माती सगळी गेली होती. तिच्याबरोबर भेगाही गेल्या होत्या. खाली गेरू होता, तीन आठवडे दुधात मुरलेला, तो धोपाटण्याला पुरून उरला होता. पाचशे सोळा पानं, पण तांबूस, उन्हात धरलेल्या कानाच्या पाळीसारखी. पिवळी माती फिकी होऊन मागं पसरली होती. निळीचा हलका हात कापडाच्या रिकाम्या भागाला लागला होता आणि तिथे सकाळ झाली होती. आखलेल्या रेघा धुऊन गेल्या होत्या. फांद्या आता मोजता येत नव्हत्या.

पंचफुलाबाई म्हणाल्या, “आता कसा पिंपळ वाटते. नवी पालवी काळी असते काय कधी?”

धम्मरत्न पडद्याजवळ गेले. आपण दोन महिने खपून जे केलं ते नव्हतं हे. त्याहून बरं होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

अकरा तारखेला संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी पडदा भिंतीवर लागला. उकंडरावांनी घड्याळ पाहिलं आणि मान्य केलं. पण फ्लेक्स छापून आला होता. तो बाहेर फाटकाला लावू, असं ठरलं. हे इतिवृत्तात आहे.

पौर्णिमेला सकाळी साडेनऊला धम्मरत्न पांढरा सदरा घालून विहारात शिरले तेव्हा मूर्तीमागे पिंपळ नव्हता. फ्लेक्स होता. एकतीसचे आता चव्वेचाळीस झाले होते. उजवीकडून तिसरे खुद्द धम्मरत्न होते, एसटीच्या ओळखपत्रावरच्या फोटोत, चोरासारखे दिसत.

“पडदा कुठी हाये?”

“मागं हाये ना,” उकंडराव म्हणाले. “लोकं हात लावतीन, उदबत्तीची ठिणगी उडन. एवढ्या मेहनतीचं काम. वरून फ्लेक्स असला म्हणजे तो जसाच्या तसा राह्यते.” यात त्यांची लबाडी नव्हती. त्यांच्या घरातल्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक नऊ वर्षांत निघालेलं नाही.

बाहेर भन्तेजींची गाडी थांबली होती. बायका पांढऱ्या साड्यांत रांगेनं आत येत होत्या. त्यांत पुढे विमलआत्या. त्या मूर्तीसमोर आल्या, हात जोडले, वर पाहिलं आणि हात सोडले.

“म्या धुतलेला पडदा कुठी हाये?”

“मागं हाये विमलबाई,” उकंडराव म्हणाले.

“मागं काहून?”

“खराब होईन म्हणून…”

“खराब झाला तं पुन्हा धुईन. हात हायेत माहे. दोन तास धोपटला म्या तो, ह्या गॉगलवाल्याच्या पाठीमागं ठेवाले?” त्यांनी साळ्याकडे बोट दाखवलं. साळा दुसऱ्या रांगेत बसला होता, त्यानं खाली पाहिलं. “काढ तो. भन्तेजी दारात हायेत.”

शहात्तर वर्षांच्या बाईशी विहारात वाद घालायची पद्धत या गावात नाही. दोन माणसं स्टुलावर चढली. फ्लेक्स खाली आला आणि तांबडा पिंपळ उघडा पडला. खिडकीतून ऊन येत होतं. आत आलेली माणसं बसायची थांबली. बायका एकदम वाकल्या आणि या वेळी त्यांच्यासमोर बुद्धाशिवाय कोणी नव्हतं. धम्मरत्न यांना उगाच नाक शिंकरावं लागलं.

वंदना झाली. भन्तेजींनी वळून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, हा कोणी केला? धम्मरत्न उठायला लागले. गुडघा दुखतो त्यांचा, एका हातावर जोर देऊन उठावं लागतं. तेवढ्या वेळात मागून पाच-सहा जण म्हणाले, “विमलबाईंनी धुतला.” भन्तेजींनी मान हलवली आणि देसनेत, म्हणजे प्रवचनात, सांगितलं, विमलबाईंसारख्या उपासिकांच्या श्रमातून असं काम उभं राहतं. सगळ्यांनी ‘साधू, साधू, साधू’ म्हटलं. अर्धे उठलेले धम्मरत्न पुन्हा खाली बसले.

जेवणाच्या वेळी केनवडच्या विहार समितीचा संघपाल नावाचा शिक्षक पत्रावळ हातात धरून आला आणि धम्मरत्न यांना ओलांडून आत्यांपाशी उकिडवा बसला.

“मावशी, आपल्या गावच्या विहारालेबी असाच एक धुऊन द्या ना. वर्षावासाच्या आधी.”

“देईन ना बापा. त्याच्यात काय हाये,” आत्या म्हणाल्या. मग धम्मरत्न यांच्याकडे वळल्या. “तू पयले भरवून ठेव मातीनं. चांगला दाबून भरव, या खेपेले कमी भरवला होता. मंग मी येतो.”

धम्मरत्न यांनी घास खाली ठेवला. सांगण्यासारखं बरंच होतं. ते पाणी प्यायले. मग सुटून गेलेल्या गाडीची चौकशी करणाऱ्या प्रवाशाशी जसं बोलावं तशा कोरड्या आवाजात त्यांनी संघपालला विचारलं,

“भिंत केवढी हाये तुमची?”